बीदरमध्ये समुद्र नव्हता म्हणून

किसनदादा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला जो बोलायला उठला तो हेच सांगून बसला, की सर फार शांत स्वभावाचे होते. तुझ्या कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, गावाहून, मेहकरहून आलेले आपले काका म्हणाले, तुझी एक जुनी विद्यार्थिनी तर तेवढंच बोलून रडत खाली बसली. मी पुढेच होते. मला बसवेना. मधेच उठून बाहेर गेले, आले, परत गेले. लोकांना वाटलं, सख्खी बहीण आहे, सहन होत नाही. सहन होत नव्हतं हे खरं, पण त्यांना वाटलं त्या कारणाने नाही. आज सकाळपासून घरात तशीच फिरते आहे. घासलेली भांडी पुन्हा घासली. तुझ्या खोलीच्या दाराशी जाते, थांबते, माघारी येते. शेवटी ठरवलं, तुझ्याशीच भांडावं. त्याशिवाय जिवाला थारा मिळायचा नाही.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे काल सगळं सांगून झालं. मला बोलायचंय ते त्या एका हिवाळ्याबद्दल. आपण काशप्पा अण्णांच्या घरात भाड्याने राहत होतो, तू कॉलेजात नवा लागला होतास, मी शिक्षिकेचं ट्रेनिंग करत होते आणि माय आपल्या दोघांचं रांधायला म्हणून गाव सोडून आली होती.

त्याआधी तू समुद्रावर संशोधनाला होतास. आपल्या घरात तू किसन आणि मी सुजाता, यावरूनच कुणालाही कळावं की आपल्या दोघांच्या मधे छप्पन सालची दीक्षा येऊन गेली. त्या किसनने मेहकरहून उठून थेट समुद्र गाठला, याचं गावाला किती कौतुक होतं. पहिल्या सुट्टीत आलास तेव्हा ओट्यावर बसून दोन्ही हात पसरून तू समुद्र सांगत होतास. लाटा सांगितल्यास, होड्या सांगितल्यास. मायने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येचं पानी कुनाच्या मालकीचं हाय?"

तू हसलास. म्हणालास, "कुनाच्याच न्हाई, माय. आन पिता बी येत न्हाई."

"मंग काय उपेग," म्हणून माय आत गेली. तू बराच वेळ हसत होतास. मला मात्र मायचा प्रश्न हसण्यासारखा वाटला नव्हता. तिला गावातली विहीर आठवली होती, आणि तुलाही ती आठवली असणार. तुझं माझं भांडण कदाचित तिथूनच सुरू झालं.

तिथे तू काय करत होतास ते मला तूच समजावून दिलंस, आणि इतकं नीट की आजही मी चौथीच्या पोरांना सांगू शकते. समुद्रात खसखशीच्या दाण्याएवढे, काही त्याहूनही बारके जीव असतात, झिंग्याच्या गणगोतातले. मासे त्यांच्यावर जगतात. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा येतो आणि हे जीव दिसेनासे होतात. पण त्यांनी टाकलेली अंडी तळाच्या चिखलात जाऊन बसलेली असतात. चिखलात हवा नसते. अंड्यातला जीव जिथवर वाढला असेल तिथेच थांबतो. मी म्हटलं, झोपतो म्हण की. तुला तो शब्द चालत नव्हता. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू असतो, म्हणालास, इथे जवळजवळ सगळंच थांबतं, तरी तो मेलेला नसतो. पाणी पुन्हा खारं झालं, हवा मिळाली, की जिथे थांबला होता तिथून पुढे. काही अंडी तर टाकली जातानाच थांबलेली असतात. त्यांना चांगलं पाणी दिलं तरी ती लगेच उठत नाहीत, त्यांची वेळ आल्याशिवाय नाही.

खाडीच्या चिखलात लांब नळी खुपसून तू चिखलाचा उभा खांब बाहेर काढायचास. वरचा चिखल नवा, खालचा जुना. अगदी तळाच्या चिखलातून तू पिल्लं काढलीस. एवढ्या जुन्या अंड्यांतून जीव निघतो असं तिथे कुणी मानायला तयार नव्हतं. तुझं काम बघणारे मोठे सरही नव्हते. त्यांनी विचारलं, ही पिल्लं चिखलातली कशावरून? समुद्र दाराशी आहे, बादलीतून, हातातून, कशातूनही अंडं आलं असेल. आणि मग म्हणाले, तुझी भांडी स्वच्छ नसतील.

हे तू मला बीदरला आल्यावर सांगितलंस, भाकरी खाताखाता, सहज सांगावं तसं. माझा घास तसाच राहिला.

"भांडी म्हनले? तुलाच म्हनले, का सगळ्यांनाच म्हनतेत?"

"सुजाता, शंका बराबर हाय. त्येंच्या जागी मी असतो तर हेच इचारलो असतो."

"तुझ्यासंगट अजून चौघं काम करायलते. त्येंची भांडी कुनी काढली का?"

तू पाणी प्यायलास आणि उठलास. चिडला नाहीस, वाद घातला नाहीस. तुझी ही सवय मला तेव्हाही सोसत नव्हती. माणसाने एकदा तरी ताट आपटावं.

पण तुझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. समुद्रावरून निघताना तू तळाच्या चिखलाच्या बरण्या घेऊन आला होतास, काठोकाठ भरून, झाकणं मेणाने बंद करून, आत हवेला जागा न ठेवता. एका रविवारी त्या माळ्यावरून खाली काढल्यास आणि म्हणालास, इथे समुद्र नाही. मला वाटलं, तुला आठवण येते आहे. तू पुन्हा म्हणालास, इथे समुद्र नाही, म्हणजे इथे जे निघेल ते चिखलातूनच निघेल. दुसरीकडून यायला वाटच नाही. तिथे त्यांची शंका कधीच फिटणार नव्हती. इथे फिटेल. बीदरच्या तांबड्या दगडावर बसून समुद्राचं काम करायचं, याचा तुला झालेला आनंद मी विसरलेले नाही. आपलं गाव समुद्रापासून लांब आहे याचा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होणार होता.

मग घराची प्रयोगशाळा झाली. कॉलेजात नको म्हणालास, तिथे दहा जणांचे हात लागतात. क्षार तेवढे कॉलेजच्या तराजूवर तोलून आणलेस. बाजारातलं मीठ चालणार नव्हतं, कारण मिठागराच्या मिठातही असल्या दुसऱ्या जिवांची अंडी येतात म्हणे. विहिरीचं पाणी उकळून, गाळून, त्यात क्षार विरघळवून तू समुद्र तयार केलास. माय चव घेऊन थुंकली आणि म्हणाली, ह्यासाठी एवढा शिकलास व्हय.

खरी पंचाईत सुकटीची झाली. मायला सुकटीची चटणी नसेल तर भाकरी उतरत नसे, आणि सुकट म्हणजे समुद्राचाच माल. तू सांगितलंस, काम होईपर्यंत घरात सुकट नाही, बोंबील नाही. माय हटून बसली. काशप्पा अण्णांना मात्र फार बरं वाटलं. ते बसवण्णांना मानणारे, कडक शाकाहारी. आपल्या चुलीचा वास ते इतके दिवस काही न बोलता सोसत होते. त्यांना वाटलं तू त्यांच्या मनासाठी बंद केलंस. बायकोच्या हातून त्यांनी आपल्याला शेंगापोळ्या पाठवल्या. खरं कारण सांगावं का यावर आपण दोघं केवढे हसलो होतो, आठवतं? शेवटी तू सांगितलंसच. तुला खोटं कौतुकही पचत नसे. अण्णा म्हणाले, "कारन कायबी असू द्या किसनराव, पोळ्या खावा."

बरणी उघडली त्या दिवशी मात्र अण्णांचीही परीक्षा झाली. काळाकुट्ट चिखल, आणि नासक्या अंड्यांचा असा वास की अंगणातली शेळीसुद्धा लांब गेली. तू तो चिखल बारीक जाळीतून धुतलास आणि काचेच्या तीन भांड्यांत मांडणी केलीस. एकात तो धुतलेला चिखल, दुसऱ्यात तोच चिखल पण उकळलेला, तिसऱ्यात चिखल नाहीच, नुसतं पाणी. तिन्ही भांडी झाकून, ओल्या फडक्याने गुंडाळून खिडकीपाशी ठेवलीस.

आणि काहीच झालं नाही. रोज सकाळी ऊन खिडकीत आलं की तू सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवायचास, थेंब थेंब तपासायचास, मान हलवायचास. मी ट्रेनिंगला जायचे, परत यायचे, तुझ्या तोंडाकडे बघायचे. मीच आधी धीर सोडला. म्हटलं, दे टाकून. तू म्हणालास, काही अंडी उशिराच उठणारी असतात, सांगितलं होतं ना. तुझा आवाज नेहमीसारखाच होता, पण शर्टाची गुंडी तू सारखी पिरगाळत होतास, शेवटी ती तुटली.

मग त्या सकाळी तू मला हाक मारलीस. मी वेणी घालत होते. तू खुर्चीतून उठून बाजूला उभा होतास आणि भिंगाकडे बघतही नव्हतास.

"मला दिसायलंय ते तुला दिसायलंय का, बघ."

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग काहीतरी उडालं, थांबलं, पुन्हा उडालं. पायांच्या तीन जोड्या आणि कपाळावर एकच लाल डोळा. मी म्हटलं, दिसायलंय, हलायलंय. तू विचारलंस, डोळ्याचा रंग सांग. मी लाल म्हटलं आणि तू मायला हाक मारलीस. मग माय आली, तिने बघितलं आणि विचारलं, ऊ हाय का? बाकीची दोन भांडी तू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तपासलीस. त्यांत काही नव्हतं. नंतरही काही आलं नाही.

दादा, त्या सकाळबद्दल मी तुझी कायमची ऋणी आहे. जगात सगळ्यात आधी तू ते मला दाखवलंस. मी काही शिकलेली नव्हते, धड शिक्षिकाही झाले नव्हते, तरी तुला माझा डोळा पुरला. पुढे वर्गात कुठलंही पोर गप्प बसलेलं दिसलं की मी त्याला ढ ठरवायची घाई केली नाही, ती त्या सकाळमुळे. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, माणसाला त्यात आणू नकोस, ते निराळं आणि हे निराळं. बरं, नाही आणत.

तू सरांना कळवलंस. एक बरणी अजून उघडलेली नव्हती. ते काहीतरी कामाने हैदराबादला येणार होते, तिथून बसने बीदरला आले. खरं सांगायचं तर मी भांडायच्या तयारीतच होते, पण माणूस बघून भांडण सुचेना. वाळलेले, उंच, सुती शर्ट घातलेले, आवाज हळू. तुझ्याशी कानडीत बोलत होते आणि तू सांगशील ते मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी पिशवीतून स्वतःची भांडी काढली. स्वतःच्या हातांनी धुतलेली, कापडात गुंडाळलेली. पाणी त्यांनीच उकळलं, बरणी त्यांनीच उघडली, आपल्या कुणाला हात लावू दिला नाही.

मी तुला मागच्या दाराशी गाठलं. तू म्हणालास, असंच करायला पाहिजे, दुसऱ्याने आपल्या भांड्यात केलं आणि तेच निघालं तरच ते खरं. हे मला पटलं. आजही पटतं.

पण मायने त्यांच्यासाठी नवे कप आणले होते. काठाला निळी रेघ असलेले. चहा केला, वेलदोडा घातला, स्वतः नेऊन समोर ठेवला. सर नम्रपणे हात जोडून म्हणाले, पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशीही तेच. ते डाकबंगल्यात उतरले होते, रोज सकाळी यायचे, दिवसभर आपल्या खिडकीशी बसायचे. पाण्याची बाटलीसुद्धा सोबत असायची. माय रोज कप ठेवायची आणि रोज चहा गार व्हायचा. शेवटच्या दिवशी मात्र कप घेऊन गेली नाही.

त्यांच्या भांड्यातही पिल्लं निघाली. त्यांनी भिंगातून डोळा काढला, तुझ्याकडे वळले आणि तुझी क्षमा मागितली. आपल्या सगळ्यांच्या देखत. तू त्यांना सोडायला स्टँडवर गेलास. पुढे त्या कामावर दोघांची नावं छापून आली, तेव्हा तुझं नाव त्यांनी आधी घातलं होतं. असं कुणी करत नाही, सरांचं नाव आधी असतं, हे तूच मला सांगितलंस.

इथून आपलं भांडण जे सुरू झालं ते तुझ्या केसांत पांढरं येईपर्यंत. मी म्हणायचे, पोट बिघडलेलं माणूस रोज सकाळी तुरतुर चालत येत नाही. तू म्हणायचास, ज्याने माझं नाव पुढे घातलं त्याच्याबद्दल असं बोलू नये. मी म्हणायचे, नाव कागदावर घातलं, कप हातात घेतला का? तू म्हणायचास, पोट बिघडलं होतं. माझ्या लग्नात यावरून वाद, माझी मुलगी झाली तेव्हा वाद. माय गेली त्याच्या आदल्या वर्षी तिच्यासमोर वाद झाला. ती म्हणाली, तुम्ही दोघं आता गप बसा, मी ते कप कवाच देऊन टाकलेत. तुला समुद्रावर परत बोलावणं आलं होतं, तू गेला नाहीस. माय एकटी पडेल म्हणालास. मला वाटायचं, मनातून काहीतरी मोडलंय म्हणून जात नाही. पण विचारलं की तू हसून विषय बदलायचास.

काविळीने तू आडवा झालास. आधी झाडपाला झाला, मग सरकारी दवाखाना, मग हैदराबाद. तिथून परत पाठवलं तेव्हा आपल्या दोघांनाही कळलं होतं. बीदरच्या दवाखान्यात दुपारी मी तुझ्याजवळ बसत असे. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. त्या दिवशी तुला जरा हुशारी होती. तू उसाचा रस मागितलास आणि दोन घोट घेतलेसही. मी विषय काढला नव्हता. शपथेवर सांगते, मी काढला नव्हता.

तू म्हणालास, "सुजाता, त्या दिवशी सर स्टँडसमोरच्या हॉटेलात बसले. च्या मागिवले. एक पिले, मंग अजून एक मागिवले."

मला आधी कळलंच नाही तू कशाबद्दल बोलतोस. मग कळलं.

"तू संगट व्हतास?"

"समोर बसलो व्हतो. मी बी पिलो."

मी विचारलं, मग इतकी वर्षं तू पोटाचंच कामून धरून बसलास?

ओठ कोरडे पडले होते, मी बोटाने पाणी लावलं.

"त्या मानसानं माफी मागितली ते खरं. माझं नाव आधी घातलं ते बी खरं. आन ह्ये बी खरं. मला तिन्ही संगट धरता येत व्हतं. तुला दिलो असतो तर तू ह्ये एकच ठिवून बाकीचं टाकून दिली असतीस."

"आन राग? राग आला न्हाई तुला?"

"लई आला," तू म्हणालास. "अजून येतो."

मी काही बोलणार इतक्यात नर्स आली, बाटली बदलायची होती, तिने मला बाहेर काढलं. परत आले तर तू झोपला होतास. दुसऱ्या दिवशी तू कुणालाच ओळखत नव्हतास.

म्हणजे माझं उत्तर राहिलं. ते आज देते. तू मला ओळखलं नाहीस, दादा. मीही तिन्ही धरली असती. वेळ लागला असता, आधी आदळआपट केली असती, सरांना तोंडाला येईल ते बोलले असते, पण धरली असती. आणि नसतं जमलं तर नसतं. तुझ्या एकट्याच्या अंगावर ते एवढी वर्षं राहिलं नसतं. लोक तुझा स्वभाव सांगतात तेव्हा मला आता ती दुपार आठवते, आणि त्याच्याही मागे ती संध्याकाळ. तू स्टँडवरून परत आलास. दाराशी चपला काढल्यास. मायने विचारलं, गेले का सर? तू म्हणालास, गेले. रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतलेस, तोंड धुतलंस, बराच वेळ धुतलंस. मी तिथेच उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसले होते, हातभर अंतरावर. तू माझ्याकडे बघितलंस आणि आत गेलास.

मला सांगायचं होतंस.